शिक्षा संपली, तरी अपात्र

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी नुकती रांगायला लागली होती. आता ती बावीस वर्षांची आहे. इथे न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळच्या एका फार्मवर गायींचं दूध काढते आणि तिला विद्यापीठात मातीचा अभ्यास करायचाय. त्यासाठी एका ट्रस्टची शिष्यवृत्ती तिला मिळणार होती. मुलाखतीत निवडही झाली. मग फॉर्म आला. त्यात विचारलं होतं, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात कधी शिक्षा झाली आहे का? तिने 'हो' लिहिलं. एकोणिसाव्या वर्षी तिच्या खोलीत गांजाची दोन रोपं सापडली होती. कोर्टाने लावलेलं समाजसेवेचं काम तिने एकही दिवस न चुकवता पुरं केलं. तरी एका ओळीत उत्तर आलं: अपात्र.

शिक्षणाच्या सरकारी कर्जाला इथे असलं काही विचारत नाहीत. मी ट्रस्टला फोन लावला. पलीकडच्या बाई 'किया ओरा' म्हणाल्या, म्हणजे इथल्या माओरी भाषेत नमस्कार; बोलायला अगदी गोड.

"तिने दारू पिऊन गाडी चालवली असती तर?"

"तो प्रश्न फॉर्मवर नाहीये. सॉरी, पॉलिसी आहे."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याच्या जिवावर उठणारी गाडी चालते, कुंडीतलं रोप चालत नाही! आणि एकाच चुकीची शिक्षा किती जणांनी द्यायची?

तुम्ही मुख्याध्यापक होतात तेव्हाची एक दुपार आठवते. कॉपी करताना सापडलेल्या मुलीची फीमाफी बंद करा म्हणून दोन शिक्षक थेट आपल्या स्वयंपाकघरात आलेत. तुम्ही जेवताय. "तिला शिक्षा केलीय मी. आता शिकू द्या की तिला," एवढंच बोलता. ते गेल्यावर मी म्हणते, तुम्ही फारच मऊ वागता. तुम्ही ताट बाजूला सारून माझ्यावर कडाडता, "तू कधी चुकलीच नाहीस का?" त्या दिवशी मला तुमचा राग आला होता.

हे पत्र कुठे टाकणार? पण एक सांगायचं राहिलं. काल पुण्याहून ताईचा फोन आला. शिष्यवृत्तीचं काय झालं, तिने विचारलं. मी म्हणाले, "अगं, हिने अर्जच केला नाही." लेक शेजारीच भांडी पुसत होती. ती मराठी बोलत नाही, बाबा, पण तिला सगळं कळतं.