खाचरातला कुरव

कर्जत, दि. १९ नोव्हेंबर १९७५

सागरतीरनिवासी श्रीमान धोंडीराव मेहुणे यांच्या चरणी (आपण वयाने वडील म्हणून; अन्य कारण स्मरत नाही) काळूरामाचा साष्टांग नमस्कार. आपला दमा व आपली होडी, उभयता सुस्थितीत असोत. आपली भगिनी ठकू अंथरुणावरच आहे. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत, नुसती नाडी पाहतात.

परवाच्या वादळाने आपल्या समुद्राकडचा एक कुरव पक्षी वाट चुकून आमच्या घरामागील कापलेल्या भातखाचरात येऊन पडला. तत्क्षणी समस्त आळी दर्शनार्थ लोटली. पक्षी श्रांत, क्लांत. लोक जवळ गेले की चार पावले फरफटत जाई, लोक पुन्हा जवळ. शेजारचे चांगो (अंतःकरण विशाल, विवेक यथातथा) यांनी समुद्रातल्या जिवाला गोडे पाणी बाधेल, या विचाराने परातभर पाण्यात पसाभर मीठ कालवून त्याच्या चोचीपुढे सरकवले. मी भूतदयेवर संस्कृतप्रचुर व्याख्यान दिले. परिणामी गर्दी वाढली.

तेव्हा खिडकीतून ठकूचा आवाज आला. (गेले कित्येक दिवस तो स्वयंपाकघरापर्यंतही पोचला नव्हता.) "मागं सरा रं. हौस तुमची, नि जीव त्याचा चाललाय. लांबून बघा, गप बघा. दम खाऊ द्या त्याला."

आळी बांधापलीकडे गेली. मी गुरांचे दावे आडवे बांधून, छत्री घेऊन द्वारपालपदी आरूढ झालो. ठकू दिवसभर उशीला टेकून त्याला पाहत होती. मी तिला पाहत होतो, तेही लांबूनच. दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर कुरवाने पंख झाडले, आमच्या कौलांना एक प्रदक्षिणा घातली (माझ्या छत्रीवर प्रसादही ठेवला) आणि तो पश्चिमेस गेला. ठकू म्हणाली, "गेला बाई घरी." मग भिंतीकडे तोंड करून निजली.

आपला कृपाभिलाषी,
काळूराम

ता. क. सगळे कुटुंब एस. टी.ने तिला 'एकदा बघून जायला' येत असल्याचे आपले पत्र पावले. आणू नका. येथील मंडळी उशाशी बसून उसासे टाकतात आणि ती भिंतीकडे सरकते. म्हणून ते दावे मी आता दारास बांधले आहे. ओलांडण्याची मुभा केवळ आपणास. एकटेच या. उंबऱ्याशी बसा. रडू नका.

पुन्हा ता. क. चांगोची ती परात तिने उशाशी मागून घेतली आहे. त्यात बोटे बुडवते नि म्हणते, "मीठ हाय, पण समुद्र नाय." येताना एक बाटली भरून आणा. उशीर करू नका.