सगळ्या बादल्यांत एक लोटा निळा

नवीमाय,

हे नाव तुला चाळीतल्या बायकांनी दिलं आणि ते गोचिडीसारखं चिकटलं. घर जुनं झालं, आबांचे दात पडले, तुझ्या कपाळावरचे केस पांढरे झाले, तरी तू आपली नवीच. जाऊनही तुला आता बरीच वर्षं झाली. आज लिहायला बसण्याचं कारण माझी थोरली लेक. तिने नवापूरला स्टेशनामागे दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलंय आणि चार दिवस मला छळते आहे, की बाहेरच्या खोलीला एक रंग आणि आतल्या खोलीला दुसरा दिला तर दोन्ही एकमेकांना शोभतील कसे? लढाईमुळे रॉकेल मिळायची मारामार, आणि हिला शोभा सुचते. माझ्या सख्ख्या आईवर गेली असती तर चार भिंती रंगवून मोकळी झाली असती. ही तुझ्या वळणावर गेली आहे. रक्ताचं नातं नसताना वळण कसं उतरतं, हे ज्याला कळेल त्याने मला सांगावं.

आपल्या त्या नंदुरबारच्या, कापसाच्या जिनाच्या चाळीतल्या दोन खोल्या तरी केवढ्या होत्या. मधे दार नव्हतं, नुसती चौकट. रस्त्यावरून जाणारा माणूस उंबऱ्यात खोकला तर चुलीवरच्या भाजीला कळायचं. आबा जिनात कारकून, म्हणून ती जागा मिळालेली. आतल्या खोलीत भांड्यांच्या फळीमागची भिंत निळी होती. ती माझ्या आईने रंगवली होती, तिच्या शेवटच्या दिवाळीला. तू उन्हाळ्यात, आखाजीचा सण झाल्यावर आमच्या घरी आलीस आणि त्याच दिवशी शेजारच्या काकूंनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "आते दखजो, हाई बाई तुन्ही मायनं काहीबी ठेवाव नही." तेव्हापासून मी त्या भिंतीवर पहारा ठेवला. जेवायला बसायचे ती तिला पाठ लावून. तू एवढीशी झाडू तिकडे नेलीस तरी मी आडवी जायचे.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली, पोपडे सुटले. दिवाळी तोंडावर आली आणि एका सकाळी मी उठून बघते तर रांजणात चुना खदखदतोय. तू पदर खोचून, हातात शिंदीचा ठेचलेला कुंचा घेऊन खोलीच्या मधोमध उभी आहेस. मी धावत जाऊन भिंतीला टेकते. दोन्ही हात पसरून उभी राहते. तू कुंचा खाली ठेवतेस.

"हाई भीत कोनी रंगाडी?"

"मन्ही मायनी."

तू भिंतीकडे बघितलंस. मला वाटलं, आता समजूत घालणार, गूळ देणार, नाहीतर हाताला धरून ओढणार. तू तसलं काही केलं नाहीस. बोटाने एक सुटलेला पोपडा अलगद काढलास, तळहातावर ठेवून उजेडात नेलास आणि म्हणालीस, "भीत ते गयी शे पोरी, रंग जावा दिऊत नही. हाऊच रंग परत लावूत. बाकीन्या भिती इले इचारीसन रंगाडूत." भिंतीला विचारून रंग देणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. नंतरही दुसरी भेटली नाही.

पण तो निळा काही केल्या जमेना. ओल्या चुन्यात रंग गडद दिसतो आणि वाळला की पार फिका पडतो, हे तुला माहीत होतं, म्हणून तू भिंतीला हात न लावता फुटक्या कौलांवर एकेक पट्टा ओढून ती उन्हात मांडायचीस. दुकानातल्या चाचांकडून मी नीळ आणायचे, तू चुन्यात कालवायचीस, आणि वाळल्यावर आपण दोघी पोपडा शेजारी धरून बघायचो. एक धोब्याच्या कपड्यासारखा पांढुरका. एक इतका जांभळा की तू स्वतःच म्हणालीस, वांगं शे. आईच्या रंगात किंचित हिरवी झाक होती, ती नुसत्या निळीतून येईना. अंगणात कौलांची रांग लांबत गेली. तुझी कामं अडली, फराळाचं पीठ तसंच पडून राहिलं, आणि तिकडे जीन सुरू व्हायची वेळ आली. एकदा जीन सुरू झालं की हवेत कापूस उडणार आणि ओली भिंत मेंढीसारखी लोकर धरणार, हे चाळीतलं पोरही सांगत होतं. मला आतून वाटायचं, आता ही कंटाळेल. तू कंटाळली नाहीस.

संध्याकाळी आबा कामावरून आले. कौलं ओलांडताना थांबले. आई गेल्यापासून घरात त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं, आणि तू आल्यावर तर अजिबातच नाही. ते चपला काढता काढता, जणू बाजारभाव सांगावा तसं म्हणाले, "ती चुनामा मोरचूद टाके. ढेकूण व्हतात ना."

मी तुझ्याकडे बघितलं. नव्या बायकोसमोर जुनीची गोष्ट निघाली की काय होतं, ते मी चाळीत ऐकलं होतं. तू कमरेवर हात ठेवलेस.

"मंग इतला दिन काबर नही सांगं?"

"कोनी इचारंच नही."

तू इतकी हसलीस की तुला खाली बसावं लागलं. आबाही हसले, आणि मग त्या रात्री जेवताना ते आईबद्दल बोलत राहिले, ती ढेकणांना कशी शिव्या द्यायची ते. तू मधून मधून विचारत होतीस आणि मला आणखी भाकरी वाढत होतीस. माझा पहारा त्या जेवणात उठला.

मोरचुदीच्या हिरवट निळ्या खड्यांनी रंग जमला. मग तू दुसरा उद्योग काढलास. बाहेरच्या खोलीला तुला पिवडीच्या मातीचा पिवळा हवा होता, तुझ्या माहेरच्यासारखा. पण चौकटीतून पिवळ्याशेजारी निळा दिसला तर डोळ्याला ठेच लागेल, असं तुझं म्हणणं. "सम्द्या बादलीस्मा इना एक एक लोटा टाक. मंग भिती आपसमा भांडतस नही." मी निळ्याचा लोटा टाकला. पांढऱ्यात टाकला तिथे छान झालं, चौकटीजवळची भिंत पहाटेसारखी निवळ दिसायला लागली. पिवडीच्या बादलीत टाकला आणि बाहेरची खोली हिरवीगार झाली. काकू उंबऱ्यात येऊन म्हणाल्या, "पोपटना पिंजरा शे का वं हाऊ?"

तू मला जवळ ओढलंस. "हाओ. आनि हाई मन्ही मैना."

काकू निघून गेल्या. तुझा हात चुन्याने माखलेला होता आणि माझ्या झग्याच्या खांद्यावर त्याचा पंजा उठला, तो तू धुऊन टाकलास. मला तो राहायला हवा होता.

काल लेकीच्या आतल्या खोलीची भिंत मी स्वतः रंगवली. मोरचूद मिळाली, नीळ मिळाली, बाहेरच्या बादलीत लोटाही टाकला. पिवडी मात्र घेतली नाही, एवढी अक्कल आली. वाळल्यावर लेक म्हणाली, हाच ना तुझ्या आईचा निळा? मी हो म्हटलं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. आईची भिंत मला आठवत नाही. तू पहिला कुंचा फिरवलास तेव्हा ती झाकली गेली, आणि पुढच्या सगळ्या दिवाळ्या तुझ्या. डोळे मिटले की जो निळा दिसतो, तो तुझ्या हातचा असतो. याचं वाईट वाटायला हवं, असं मी स्वतःला पुष्कळदा बजावलं. वाटत नाही, माय.