तुझी गोष्ट मी सांगितली तेव्हा

आई, उद्या आंबीच्या एका कारखान्यात मालकासमोर बसायचं आहे आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. मागणी तुझ्या वेळचीच आहे, कामावरच्या बायकांसाठी संडास. तिथली एक मुलगी दिवसभर पाणी न पिता काम करून आजारी पडली. मी तिला म्हटलं, तू बोल, नाहीतर तुझ्या वतीनं मी सांगते. ती म्हणाली, "न्हाई ताई, माजं लगीन ठरलंय. माजं नाव कुटंच नको." तिला पटवायला मी तोंड उघडलं आणि तू आठवलीस.

पवनानगरला धरणाकाठी पर्यटकांसाठी उभारलेल्या तंबूंवर तू भांडी घासायचीस. पाहुण्यांना फरशी लावलेली न्हाणीघरं, तुम्हा बायकांना झुडपं, तीसुद्धा उजाडायच्या आत. मी तेव्हा नुकतीच कामगार बायकांच्या संघटनेत आलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी. ग्रामसभेत उठून सांगून टाकलं की माझी आई कामावर घोटभर पाणी पीत नाही, आणि का पीत नाही तेही. पुरुष माना खाली घालून हसले. तू कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून बसली होतीस. घरी आल्यावर पिठाचे हात तसेच ठेवून म्हणालीस, "गोस्ट माजी, आन् तू इचारलंस का मला?" मी रडले, पण चूक कबूल केली नाही, गाढव होते. पुढच्या बैठकीला तू स्वतः गेलीस. तंबूंच्या मालकापुढे पाण्याने भरलेला तांब्या ठेवतेस आणि म्हणतेस, "शेट, ह्यो सगळा प्या, आन् सांजंपातुर हितंच बसा. उठायचं न्हाई." कुणी हसत नाही. महिन्याभरात संडास बांधून झाला.

त्यानंतर मी गावोगाव बायकांना बोलतं केलं, आधी विचारून. पण बोलायला लावलं ते कायम दुसऱ्यांना. उद्या त्या मुलीचं नाव निघणार नाही, मग कुणी कितीही आग्रह करो. नुसता अर्ज वाचला तर मालक घड्याळाकडे बघतो, हेही मला पाठ आहे. म्हणून उद्या मी माझं सांगणार आहे. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तरी तुला आधी सांगते. नववीच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर तंबूंवर यायचे आणि एके दिवशी एकदम यायचं बंद केलं. दहावीचा अभ्यास करायचाय, असं तुला म्हणाले. तू केवढी हरखलीस, वाडीभर सांगत फिरलीस. अभ्यास नव्हता गं. त्या दिवशी पाळी आली, कपडा बदलायला आडोसा नव्हता, डाग पडला आणि चहा घेऊन गेले तेव्हा सगळ्या पाहुण्यांनी बघितला. उद्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत हे सांगेन, हसायचं त्यांनी हसावं. तुला मात्र मी खोटंच सांगितलं, आणि त्या खोट्याचा तू शेवटपर्यंत अभिमान बाळगलास.