पंचाच्या घरात टाळी नाही

रवि. ९ मे

जांभळा हरला. पहिल्याच दिवशी. येन्सच्या वडिलांनी रिमोट लोण्याच्या डब्यावर ठेवला आणि उठून मुळ्यांना पाणी घालायला गेले.

त्यांना नुसतं 'हेल्मुट' म्हणायचं असं त्यांनी मला तीनदा सांगितलं आहे. तोंडातून निघत नाही. समोर काहीच म्हणत नाही, इथे हे.काका लिहिते.

येन्सची आई गुडघ्यांसाठी तीन आठवडे 'कुर'ला, म्हणजे औषधी झऱ्यांच्या गावी उपचारांना, गेली आहे. तोवर हे.काकांचा मुक्काम दिवसभर श्रेबरगार्टनमध्ये, जर्मन लोक घरापासून दूर भाड्याने घेतात तसल्या छोट्या बागेत. बागेतल्या लाकडी खोपीत टीव्ही, व्हिडिओ, आणि गेल्या सहा वर्षांतल्या सुमो कुस्त्यांच्या कॅसेटी, पाठीवर तारखा घालून. सगळ्या जांभळ्याच्या. जांभळ्या लंगोटाचा म्हणून जांभळा. वरच्या गटातला सगळ्यांत बुटका, वय पस्तीस. पंधरा दिवस, रोज एक कुस्ती. आठ जिंकल्या की जागा राहते, आठ हरल्या की खालच्या गटात. हे.काका म्हणतात, खाली गेला तर तो सोडूनच देईल.

मला विचारलं, "तुझा कोण?" म्हटलं, मी नुसती बघते.

येन्स म्हणाला, "पपा, ती स्वित्झर्लंड आहे."

बाबा शुक्रवारी येणार.

मंगळ. ११ मे

जां. ०–३. हे.काका: "आल्झो, तर मग, पुढच्या महिन्यापासून मी बुद्धिबळ बघणार." दर वेळी असंच म्हणतात म्हणे.

विद्यापीठाच्या लॅबमध्ये सगळे नमुने पुन्हा तपासले. बरोबर होते. मग एकदा अजून.

बाबांना फेब्रुवारीत लिहिलेलं पत्र सारखं आठवतंय. येन्सशी लग्न करावं, याच्या बाजूने अकरा मुद्दे. करू नये, अकरा. मुद्दाम सारखे. एका बाजूला बारा झाले असते तर बाबांवर दबाव आला असता. हे येन्सला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ सायकलचं कुलूप लावत बसला. नंतर म्हणाला, "विरुद्ध बाजूला पाचवा मुद्दा काय होता?" सांगितलं: उशिरा उठतो. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाला. पण हसला नाही.

मी शिकलेच तशी. दम्यामुळे चौथीपर्यंत शाळेत घातलं नाही, बाबांनीच घरी शिकवलं. सकाळी पाढे. जत्रांच्या दिवसांत बाबा कुस्तीचे पंच, तेव्हा माझी शाळा मैदानाच्या कडेला, पंचांच्या बाकावर, नाकाला ओला रुमाल लावून. नियम एकच: पंचाच्या घरात टाळी नाही. कुणीही जिंको. हलगी वाजत असायची, सगळं मैदान उठून ओरडत असायचं आणि मी हात मांडीखाली दाबून बसलेली. पुढे क्रिकेटलाही वाजवली नाही.

शुक्र. १४ मे

बाबा आले! स्टेशनवर थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर कोट. मे महिना. घाम पुसत होते, पण एकही काढेनात. "तुझ्या आईला शब्द दिलाय."

येन्सकडे पाहिलं ते आधी पायांकडे. मग वर. मला मराठीत म्हणाले, "उभा नीट राहतो." एवढंच. येन्सने विचारलं, काय म्हणाले? शब्दशः सांगितलं. तो दिवसभर नीट उभा राहत होता.

उतरले हे.काकांकडे. (मी हॉस्टेलची पाहुण्यांची खोली घेतली होती. हे.काका म्हणाले, माझं घर असताना? दोन्हीकडे माफी मागितली.)

पाचला बागेत. बाबांचा पहिला सुमो.

"मीठ का उधळतायत? दृष्ट काढतात होय?"

कुस्ती झाली.

"झाली?"

झाली.

"आमच्याकडं लंगोट बांधायला याहून वेळ लागतो. आणि हरला कसा? पाठ कुठं लागली?"

पाठ लागावी लागत नाही, सांगितलं. रिंगणाच्या गवती कड्याबाहेर पाय गेला किंवा तळव्याशिवाय अंगाचं काहीही टेकलं की संपलं.

"हात टेकला म्हणून हरला? मग हे वेगळंच काहीतरी आहे, पोरी. ह्याला कुस्ती म्हणायचं नाही."

हे.काकांनी विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, त्यांना रस वाटतोय.

जां. २–४.

रवि. १६ मे

अर्धे दिवस सरले. जां. ३–५. हे.काका पुन्हा बुद्धिबळावर.

पण बाबा! आज दोन पैलवान एकदम पडले आणि खाली बसलेले पाच पंच उठून वर चढले. बाबा खुर्चीतून पुढे सरकले. पाच जण डोकी जवळ आणून बोलतायत, सगळं सभागृह थांबलंय.

"पाच पंच! आणि कुणी कुणाची गचांडी धरत नाही!"

हे.काकांनी सांगितलं, निकाल लागला नाही तर कुस्ती पुन्हा लावतात. आणि वर उभा असतो त्या सगळ्यांत मोठ्या पंचाच्या कमरेला कट्यार असते. चुकला तर जीव द्यायची तयारी आहे, याची खूण. मी भाषांतर केलं.

"त्यांना सांग, आम्हाला नारळ आणि टॉवेल द्यायचे."

हे.काका इतके हसले की शेजारच्या बागेतल्या बाई कुंपणापाशी आल्या.

परत येताना बाबांनी खिशातून पत्र काढलं. माझं. घड्यांवर झिजलेलं.

"हे तेवढं मला समजलं नाही. अकरा आणि अकरा. तुझ्या आईनं वाचलं, मी वाचलं. तुला काय पाहिजे ते बावीस मुद्द्यांत कुठं आहे?"

म्हटलं, तुम्हाला मोकळेपणाने ठरवता यावं म्हणून.

"ठरवायला मी आहे. पण कुस्ती लागल्याशिवाय निकाल कसला देऊ?"

मंगळ. १८ मे

जां. ५–५! लागोपाठ दोन.

पण भांडण झालं. आज जांभळा सलामीला वाकला, समोरचा डोंगर धावून आला आणि हा नुसता बाजूला झाला. डोंगर सरळ तोंडावर. हे.काका लाल. त्यांच्याच माणसाने जिंकलं तरी. म्हणाले, हा भ्याडपणा आहे, असल्या विजयाला मी कॅसेटमध्ये जागा देणार नाही.

बाबा: "काय म्हणाले?"

मी: "जरा घाई झाली म्हणतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तो माणूस टोमॅटोसारखा लाल झालाय नि म्हणे जरा घाई? खरं सांग."

सांगितलं.

"मग त्यांना सांग, बुटक्यानं डोंगराशी छाती लावायची काय? डाव आहे तो!"

हेही सांगितलं, तसंच्या तसं. वाटलं, संपलं सगळं. हे.काका म्हणाले, "हो. पण उद्या त्याने समोरून लढावं." बाबा म्हणाले, "ते मान्य." दोघांनी एकाच ताटलीतला क्वार्क खाल्ला. बाबा त्याला चक्काच म्हणतात, साखर मागून घेतात.

येन्स कानात म्हणाला, "बघ. खरं सांगितलं आणि कुणी मेलं नाही."

गुरु. २० मे

इथला फाटरटाग. बापांचा दिवस. सुट्टी. पुरुषमंडळी हातगाडीत बिअर भरून रानोमाळ हिंडतात. हे.काका म्हणाले, दोन बाप आहेत, गाडा एक पुरे.

बाबा गाडा ओढायला पुढे. टोपीला लायलॅकचा तुरा. गाड्यात हे.काकांची बिअर, बाबांचा सफरचंदाचा रस. प्रत्येक ओळखीच्या माणसापाशी थांबायचं, "प्रोस्ट" म्हणून बाटली उंचवायची, पुढे. तिसऱ्या थांब्यानंतर बाबा स्वतःच आधी ओरडू लागले. कोट काढला. स्वेटर काढला. (आईला सांगणार नाही. विचारलं तर सांगावं लागेल.)

दुपारी बागेत जोड लागली. कोणी सुरुवात केली माहीत नाही. हे.काका तरुणपणी वॅगन-कारखान्याच्या संघातून कुस्ती खेळायचे, वय चौसष्ट. बाबा एकसष्ट. येन्सने पाणी द्यायच्या पाइपचं गोल कडं केलं. मीठ म्हणून बाबांनी उकडलेल्या अंड्यांसाठी आणलेली मिठाची पुडी उधळली.

"रेवा, पंच!"

नको म्हटलं. दोघं ऐकेनात. दोघं वाकले. हे.काकांनी कमरेला धरलं, बाबांनी ढाकेचा डाव लावायला पाय घातला, आणि दोघं एकदम स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात.

माती झटकत उठले आणि माझ्याकडे बघायला लागले.

म्हटलं, बरोबरी.

"बरोबरी?" बाबा.

"बरोबरी?" हे.काका, जर्मनमध्ये, त्याच सुरात.

खरं म्हणजे बाबांचं कोपर आधी टेकलं होतं. मी स्पष्ट पाहिलं.

बाबा माझ्याजवळ आले. गालाला माती. "कोपर माझं आधी लागलं. तू पाहिलंस. मग? पोरी, टाळी नाही म्हणजे निकाल नाही असं मी कधी शिकवलं? बरोबरी ही पंचाची पळवाट असते."

मग मोठ्याने हे.काकांकडे बोट करून: "विनर!"

जांभळा समोरून लढला. ६–६.

शनि. २२ मे

काल हार, आज जीत. ७–७. उद्या शेवटची.

येन्सबरोबर एल्ब नदीच्या काठाने सायकली. पुलापाशी थांबल्यावर तो म्हणाला, "मला माहीत आहे तुला मी हवा आहे. पण मी ते अंदाजाने जाणतो. सहा वर्षं पपा एका माणसासाठी ओरडतात, तो त्यांना ओळखतही नाही."

मला बोलायचं होतं. दोन्ही बाजू सुचल्या.

उद्या शेवटचा दिवस म्हणून टीव्हीवर थेट दाखवणार, सकाळी. जांभळा साधारण सव्वानऊला. बाबांची फ्रँकफुर्टची गाडी दहा वाजून दहा मिनिटांनी. येन्सने दोनदा वेळ सांगितली. मी चारदा.

रवि. २३ मे

हात अजून लाल आहेत.

नऊला सगळे खोपीत. बाबांची बॅग दाराशी. हे.काकांनी नवी कोरी कॅसेट लावली. नऊ अठराला जांभळा वर आला. मूठभर मीठ, वर उंच. समोर कालच्याहून थोराड, तोही ७–७.

धडक. जांभळा मागे, मागे, टाच गवताच्या कड्यावर. गेला, असं हे.काका म्हणाले, अगदी हळू. आणि त्याचा मागचा पाय आडवा वळताना मला दिसला. डाव येतोय. बाबांनी शिकवलेलं, छातीकडे नको, पायाकडे बघ, आणि मला दिसलं, आणि मी

ओरडले. "पाय! सोडू नको, जांभळ्या! सोडू नको! घे त्याला!" उभी राहून. मराठीत. टेबल बडवलं, मग टाळ्या, टाळ्या, चहा सांडला. दोघं काठावरून गरकन फिरून एकत्र खाली कोसळले तरी मी वाजवतच होते.

शांत झालं तेव्हा कळलं. येन्स माझ्याकडे बघतोय. हे.काका बघतायत. आणि बाबा टीव्हीकडे बघतच नव्हते.

"चुकलं, बाबा."

"काय चुकलं? तिकडं बघ. पंच चढले."

पाच पंच. बोलले. निकाल: पुन्हा कुस्ती.

नऊ बावीस. येन्सच्या हातात गाडीची किल्ली. दोघे पैलवान पाणी पिऊन दम घेतायत. येन्स वडिलांना म्हणाला, तुम्ही थांबा, बघा, मी सोडतो त्यांना. हे.काकांनी टीव्हीकडे पाहिलं. मग टीव्ही बंद केला, व्हिडिओ तसाच रेकॉर्ड करत ठेवला, आणि टोपी घातली.

"पाहुणा माझा आहे."

बाबांनी विचारलं. मी सांगितलं, तसंच्या तसं.

फलाटावर बाबांनी मला बाजूला घेतलं.

"सहा वर्षं ज्याच्या मागं आहे, त्याची निकालाची कुस्ती टाकून आला तो माणूस." मग आगगाडीची पाटी वाचून घेतली. "पोराबद्दल मी अजून काही बोललेलो नाही. बोलणार पण नाही, आत्ता."

पत्र काढून माझ्या हातात दिलं. "हे तुझं तुला. एक बाजू खोड, सही कर आणि परत पाठव. मग मी बघतो."

म्हटलं, कुठली ते तुम्हाला आज कळलंच की.

"टाळी ऐकली. सही पाहिजे."

हे.काकांना निरोप: मी घरी पोचेपर्यंत कॅसेट बघायची नाही. फोनवर रेवा सांगेल. हे.काकांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. दोघांनी हात मिळवले, मग बाबांनी त्यांना मिठीच मारली. गाडी हलल्यावर बाबा खिडकीतून ओरडले, "प्रोस्ट!"

येन्सने पूर्ण परतीच्या वाटेवर एका हाताने गाडी चालवली. दुसरा माझ्या हातात. हे.काका मागे बसून वर्तमानपत्राआड.

सोम. २४ मे

खोडलं. अकराही. पाचव्यापाशी (उशिरा उठतो) पेन थांबलं, कारण ते खरंच आहे. तरी खोडलं. सही केली. पोस्टात स्वतः गेले, पत्ता तीनदा वाचला.

खिडकीवरच्या बाईंनी पावती देताना विचारलं, आत काही महत्त्वाचं? म्हटलं, हो.

मंगळ. २५ मे

बाबा काल संध्याकाळी घरी पोचले. आज साडेचारला फोन लावला. खोपीत तिघं. हे.काकांनी शब्द पाळला. कॅसेटवर टॉवेल टाकून ठेवला होता. म्हणाले, दोन दिवस मुळ्यांशी बोलत होतो.

बाबा: "आई पण आहे. बोल. पत्र?"

"काल टाकलं. आठवडा लागेल."

"लागू दे. सही?"

"केली."

मागून आई: "स्वेटर काढला होता का गं ह्यांनी, सांग मला!" बाबा: "लाइन खराब आहे."

हे.काकांनी टॉवेल काढला. बटण दाबलं. मीठ. दोघं वाकले.

बाबा: "सांग. घाई नको. पायाकडं बघून सांग."

"समोरचा जड पावलांवर आहे. आपला डावा पाय पुढे घेऊन..."

बाबांनी मधेच थांबवलं.

"आपला म्हणालीस?"

"हो. आपला."

"बरं," बाबा म्हणाले. "मग सांग. आपल्याचं काय झालं?"