धारणीचा आकडा

अमरावती,
१६ मे १९६२

चि. गोवर्धन यास शकुनताईचे आशीर्वाद.

आईचा गुडघा आता बरा आहे. मळ्यात मोगरा भरपूर निघतोय, बाबा पहाटेच बाजार गाठतात. ऊन तर विचारू नको. कॉलेजात सरांच्या हाताखाली काम करताना मनगटाखाली फडकं ठेवून गणितं करते, नाहीतर घामाने आकडे पुसले जातात.

धारणीची बस वेळेवर मिळाली होती ना रे त्या दिवशी? राहू दे, नंतर विचारते.

इथलं ऐक. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून जी जराशी ढळते, ते ढळणं दरवर्षी बदलतं. जुन्या वीस वर्षांच्या नोंदींवरून मी त्याचं सूत्र बसवलं आणि तुम्ही पाच जणांनी पाच ठिकाणी मोजून ते तपासलं, हे तुला ठाऊकच आहे. चार ठिकाणी ते जुळलं नाही. तुझ्या धारणीला मात्र तंतोतंत जुळलं. इतकी हरखले की घरी जाऊन शिरा केला.

सर म्हणाले, सूत्र बरोबर आहे, मोजणारे चुकले. तिघांना पुन्हा मोजायला सांगितलं. अकोल्याच्या देवमन मास्तरांना मात्र मोजणीच्या कामावरून थेट काढायचं ठरलं, त्यांच्या शाळेलाही तसं कळवणार. म्हणजे नोकरीवरच गदा. ‘या लोकांना काटा वाचता येतो काय?’ असं सर मास्तरांच्या जातीवरून माझ्यासमोर म्हणाले. मी मान खाली घालून बेरजा करत राहिले.

मास्तर स्वतः येऊन गेले. म्हणाले, ‘शकुनबाई, तीनदा मोजलं मी. सुई जे दाखवून राहिली होती तेच लिहिलं. मले काहून काढून राहिले?’

तू राहतोस त्या अकोटहून परवा मामी आली होती. तुझं कौतुक करत होती, ‘आमच्या घरच्या लग्नात गोवर्धन दिवसभर बुंदी वाढून राहिला होता.’ मी तारीख दोनदा विचारली. एकोणतीस एप्रिल. तुझ्या धारणीच्या नोंदीवर तीच तारीख आहे.

काहून केलंस रे असं? पण तुला एकट्याला कोणत्या तोंडाने रागावू? सूत्राने येणारा आकडा चिठ्ठीवर लिहून मीच तुझ्या हाती दिला होता, मोजताना चुकू नये म्हणून. धारणीला न जाताच तू तोच उतरवलास. आणि मामी गेल्यावर मी दोन दिवस गप्प बसले. सुईची चाल यंदा बदलली आहे, ते चौघं खरं सांगत होते. पण तसं म्हटलं की माझं दोन वर्षांचं काम पाण्यात जातं. मला माझीच लाज वाटते, गोवर्धन.

सोमवारी दुपारी मी सरांना सांगणार, सूत्र माझं चुकलं, चिठ्ठी मी दिली. धारणीचं तुझ्या तोंडून यायला हवं. नाही आलास तर तेही मीच सांगेन, मग आईला काय सांगायचं ते तू बघ.

अकोटहून येताना अकोल्याला गाडी बदलावीच लागते. तिथे मास्तरांच्या घरी जा. आधी त्यांना सांग, आणि त्यांना सोबत घेऊन ये.

सोमवारी स्टँडवर तुम्हा दोघांची वाट पाहणारी,
तुझी ताई,
शकुन