कातडं पांढरं होईपर्यंत

१८ ऑक्टोबर

अजून निळंच!

अंदाज घ्यायला तीनच सापळे लावले होते. एकात सेबल मिळाला – मांजराहून लहान, किमती कातड्याचं जनावर. मोठा नर. वरून बघणारा म्हणेल, वा! पण सोलून कातडं उलटं केलं तर आतली बाजू पाठीपासून शेपटीपर्यंत निळीकाळी – मुका मार लागल्यासारखी. म्हणजे केस अजून वाढताहेत, मुळं कातड्यातच आहेत. खालची लव विरळ. शेपूट तर उंदराला शोभेल!

हंगाम कागदावर उघडून तीन दिवस झाले. कागदाला काय कळतं? गेरासिम म्हणायचा, "तारीख कचेरीची, थंडी देवाची." एप्रिलात तो गेला. नदीच्या डाव्या काठावरचं सगळं रान यंदा पहिल्यांदाच मी एकटी बघतेय.

तिन्ही सापळे मिटवले. एक जीव फुकट घेतला. जिवाला लागलं.

२१ ऑक्टोबर

निकिफोर होडीतून आला. गेरासिमचा धाकटा भाऊ, उजवा काठ त्याचा. पाच चमचे साखर घालून चहा प्यायला.

"चौदा झाले, वहिनी! तुमचे किती?"

"एक."

"एकच?" खो खो हसला. "सेबल काय तुमच्या मुहूर्ताला थांबलेत? तुम्ही धरले नाहीत तर पोहून माझ्याकडे येतील."

"येतील. पण निळेच येतील."

मग पेला खाली ठेवला आणि चुलीकडे बघत बोलला. कचेरीतल्या अंतोनिनाबाईंचा निरोप – नव्या वर्षाआधी चाळीस कातडी आली नाहीत तर डावा काठ निकिफोरकडे. एकट्या बाईला झेपायचं नाही म्हणे!

"मी मागितला नाही हं, वहिनी."

"नको असंही म्हणाला नसाल, भावजी."

टोपी घालून उठला. तो गेल्यावर त्याचा पेला मी दोनदा घासला.

२२ ऑक्टोबर

पाऊस. ऑक्टोबरात पाऊस!

३० ऑक्टोबर

पुन्हा एक धरून पाहिला. मान पांढरी, पाठ निळी. अर्धं काम झालंय.

मन डळमळलं, खोटं कशाला लिहू? दुपारभर ओट्यावर बसून विचार केला – चाळीस म्हणाली ती बाई, चांगली चाळीस म्हणाली नाही. आजपासून धरले तर सहज होतील. दोन महिने हातात आहेत. निकिफोर मूर्ख थोडाच आहे?

मग त्या कातड्यावर फुंकर मारली. केस बाजूला झाले ते तसेच पडून राहिले, परत उभे राहिले नाहीत. असलं कातडं मी गेरासिमच्या नावाने देऊ? नाही. माझ्याही नावाने नाही!

सापळे देवदाराच्या पाल्यात उकळले, लोखंडाचा वास जावा म्हणून. एकशेवीस. पाठ धरली आहे. जमिनीपासून कमरेएवढ्या उंच दांड्या बांधल्या – सापळ्यात सापडलेलं जनावर लटकतं राहिलं की उंदीर कुरतडत नाहीत. रोज पंधरा बांधते.

६ नोव्हेंबर

उणे चोवीस. नदी गोठताना कडकडतेय. शाब्बास, थंडीबाई!

११ नोव्हेंबर

पांढरं!!

कानापासून कंबरेपर्यंत दुधासारखं. शेपटीच्या बुडाशी फक्त नखाएवढा डाग. केस बोटांत दाटून येतात. फुंकर मारली – मिटले, आणि लगेच परत उभे! मी एकटीच मोठ्याने हसले. दुमका कुत्री दचकून उठली.

उद्या सगळे सापळे उघडायचे. आमिषाला मुरवलेले मासे. आता थांबायचं नाही.

१९ नोव्हेंबर

नऊ. एकाहून एक. गोठलेलं जनावर चुलीजवळ घाईने ठेवायचं नाही, नाहीतर केस सुटतात – दाराशी ठेवून सावकाश वितळवते, मग सोलते. हात फाटलेत. चालेल. हे तीन आठवडे सोन्याचे. पुढे उणे चाळीसच्या खाली गेलं की सेबल बिळातून बाहेरच पडत नाही.

२३ नोव्हेंबर

पलीकडे निकिफोरच्या खोपीवर धूर नाही. काल नव्हता, आजही नाही.

सकाळी टेकाडावर उभी राहून किती वेळ बघत होते. एक मन म्हणालं – गावाला गेला असेल. दुसरं म्हणालं – तुझे एकशेवीस सापळे उघडे आहेत, आत्ता गेलीस तर गेले. तिसरंही होतं. ते लिहीत नाही.

दुमकाला घेऊन निघाले. पलीकडच्या काठाशी त्याची बर्फगाडी दिसली, अर्धी पाण्यात, अर्धी बर्फात. एवढ्या कोवळ्या बर्फावरून गाडी घातली! तिथून खोपीपर्यंत रांगत गेल्याच्या खुणा.

जिवंत आहे. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत ओले होऊन गोठलेले. लाकडं संपलेली. मला बघून म्हणाला, "वहिनी, तुमचे सापळे?"

"मरू देत सापळे. बूट कापायचेत, हलू नका."

२५ नोव्हेंबर

वायरलेसवर गावाशी बोलले. वादळामुळे हेलिकॉप्टर येणार नाही. स्लेजवर घालून न्यावं तर वाटेत मरेल. बोटं काळी पडताहेत. कोमट पाणी, स्वच्छ पट्ट्या, हरणाच्या मांसाचं कढण. ओरडतो तेव्हा हात धरून बसते.

भिंतीवर त्याची एकतीस कातडी. मी बघितली आणि बघितलंच नाही असं केलं.

"बोला ना काहीतरी," म्हणाला.

"काय बोलू?"

"निळी आहेत म्हणा."

"कढण प्या, भावजी. गार होतंय."

२७ नोव्हेंबर

आज त्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"काठ मीच मागितला होता, वहिनी. दादाचे दिवस झाले त्याच आठवड्यात कचेरीत गेलो. म्हटलं, कुणी परका घेण्यापेक्षा... चाळीसचा आकडाही माझाच. तुम्ही थांबणार हे माहीत होतं."

मी उठून बाहेर गेले. लाकडं फोडली. इतकी फोडली की उद्यालाही पुरतील. दुमका लांब जाऊन बसली होती, माझी भीती वाटली असावी.

मग आत आले आणि पट्ट्या बदलल्या. पाय त्याचे सडताहेत, शिव्या देऊन काय बरे होणार? एवढंच म्हटलं, "तुमच्या दादाला हे कळलं असतं तर त्याने तुम्हाला नदीत बुडवलं असतं."

"हो," म्हणाला. रडत होता. मी पट्टीची गाठ घट्ट मारली.

१ डिसेंबर

आकाश उघडलं. हेलिकॉप्टर येऊन त्याला घेऊन गेलं. आठ दिवस!

२ डिसेंबर

माझ्या सापळ्यांची रांग बघून आले. वादळाने दांड्या पाडल्यात. सापडलेले अकरा सेबल – सहा उंदरांनी कुरतडलेले, दोन कावळ्यांनी. तीन शाबूत.

अंधार पडायच्या आत चाळीस सापळे परत उभे केले. बाकीचे उद्या.

१४ डिसेंबर

उणे त्रेचाळीस. एकही नाही. तरी गेले.

२० डिसेंबर

थंडी जरा उतरली. तीन दिवसांत दहा! पायांत बर्फावर घसरायच्या फळ्या घालून रोज वीस किलोमीटर. गालाची कातडी निघाली. माझंच कातडं कुणी आज उलटं केलं तर काय रंग निघेल कोण जाणे!

२९ डिसेंबर

कचेरी. कातडी पारखणारा म्हातारा पिमेन. खिडकीच्या उजेडात एकेक धरून झटकतो, फुंकर मारतो, आत बोट घालून चाचपतो. माझ्या कातड्यांवर काही बोलतच नव्हता, नुसता "पहिली प्रत" म्हणून बाजूला ठेवत होता. पहिली. पहिली. पहिली. शेवटी चष्मा काढून म्हणाला, "पोरी, यंदा नदीवर एवढंच खरं काम आलंय."

निकिफोरची गावातल्या कुणीतरी आणून दिली होती. पिमेनने चार बघितली आणि गठ्ठा पायाने सरकवला.

छत्तीस. माझी छत्तीस भरली. चार कमी.

अंतोनिनाबाई वाईट नाहीत. म्हणाल्या, "फेक्ला, मला दिसतंय गं. पण आकडा लिहून ठेवलाय. सुट्ट्यांनंतर बैठकीत ठरेल."

त्या आठ दिवसांबद्दल मी बोलले नाही. निकिफोरच्या पायांची बोटं गेलीत, त्याचं भांडवल मी नाही करणार.

३ जानेवारी

परत रानात आले. काठ जाईपर्यंत माझाच आहे.

सापळे तपासले. दोन सेबल. मानेवरचे केस घासटलेत – बिळात ये-जा करून. कचेरीचा हंगाम अजून जवळजवळ दोन महिने आहे. माझा संपला. उद्यापासून एकेक सापळा मिटवणार. राहिलेल्यांनी पिल्लं घालावीत.

१२ जानेवारी

बैठक झाली. निकिफोर इस्पितळातून थेट आला, कुबड्यांवर. दोन्ही पायांची बोटं काढलीत. सगळ्यांसमोर सगळं सांगितलं – आकडा कुणाचा ते, आठ दिवस कुठे गेले ते. डावा काठ माझाच राहिला. मग कागद पुढे केला. स्वतःचा उजवा काठही त्याने माझ्या नावे लिहून दिला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी कागद हातात घेऊन विचारलं, "भावजी, पलीकडे मुक्कामाच्या खोप्या किती आहेत?"