आठ माशांची वाटणी

अप्पा, घरात मासे आलेत. घाबरू नका, जिवंत आहेत, आणि स्वयंपाकघरात नाहीत, हॉलमध्ये आहेत. अंड्याचं नुसतं नाव घेतलं तरी तुम्ही चूळ भरायला लावायचात, त्या घरात आता सहा फुटी काचेची टाकी आहे. माशांना घालायच्या गोठवलेल्या कोळंबीसाठी गॅलरीत वेगळा छोटा फ्रिज आहे, त्याला तुमच्या दोन्ही सुना हात लावत नाहीत. या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत आहे. सोलापुरात नळाला चार दिवसांनी पाणी येतं आणि आम्ही त्यात मीठ कालवत बसतो. समुद्रातले मासे, त्यांना आपलं गोडं पाणी चालत नाही. वीज गेली तर टाकीला इन्व्हर्टर आहे, माझ्या पंख्याला नाही.

हे सगळं तुमच्यामुळं झालं. जाताना तुम्ही आम्हा दोघा भावांचे हात धरून म्हणालात, "घरात भिंत घालायची न्हाय. भांडायचं तर भांडा, पर एका छपराखाली भांडा." आम्ही आज्ञाधारक, त्यामुळं भांडलो. टीव्हीच्या आवाजावरून, चपलांच्या जागेवरून, उदबत्तीच्या धुरावरून. शेवटी हॉलच्या मधोमध प्लायवूडचा आडोसा करायचं ठरलं. सुतारानं माप घ्यायला फीत उघडली आणि धाकटा उंबऱ्यात बसून रडायला लागला. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, अप्पा. "अण्णा, अप्पांनी सांगितलंय की ओ!" सुतार चहा पिऊन गेला. मग तोडगा निघाला तो आडोशाच्या जागी टाकी ठेवायचा. टाकी म्हणजे भिंत नव्हे, पलीकडचं दिसतं. पलीकडचं दिसतं हीच मुळात तक्रार होती, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, आपल्या पेंडीच्या दुकानात लहानपणी मी पोत्यांमधून खडूची रेघ मारली होती? इकडचं माझं, तिकडचं त्याचं. तुम्ही ओल्या गोणपाटानं ती पुसलीत आणि दोघांना एका ताटात जेवायला बसवलंत. "कुणी किती खाल्लं ते बगायचं न्हाय." आणि त्याच संध्याकाळी कुणीतरी एकच पेढा दिला, तर तुम्ही तो दोऱ्यानं कापलात आणि दोन्ही अर्धे तळहातावर तोलून पाहिलेत. आम्ही ताट विसरलो, पेढा लक्षात ठेवला.

कारण टाकीत मासे किती, हा प्रश्न आला तेव्हा माशांचा दुकानदार म्हणाला, "शेठ, सात. टाकी मोठी दिसते, पण मासे वाढतात, घाण करतात, जागेसाठी भांडतात. सातच्या वर जाऊ नका." माझी बायको म्हणाली, "सातातले चार कुणाचे?" पलीकडून भावजय म्हणाली, "मोठ्यांचेच असणार की. हितं सगळं मोठ्यांचंच असतंय." झालं. आठ ठरले. प्रत्येक जातीचे दोन, एक अलीकडच्यांचा, एक पलीकडच्यांचा. दोन केशरी, दोन पिवळे, दोन वाळू चाळणारे, आणि दोन निळे, तळहाताएवढे, शेपटीच्या बुडाशी धारदार काटा असलेले.

तिसऱ्या दिवशी धाकट्याचा निळा माझ्या निळ्याच्या मागे लागला. बाकीचे सहा आपापलं बघत होते, हे दोघे मात्र एकाच जातीचे, एकाच तोंडवळ्याचे, त्यांना एकमेकांचं असणंच सहन होत नव्हतं. माझा पंपाच्या मागच्या कोपऱ्यात उभा राहायला शिकला. अंग चोरून, पर न हलवता. मी त्याच्याकडे बघत राहायचो. मला ती जागा ओळखीची होती. मी हल्ली फोनवर बोलायला न्हाणीघरात जातो.

फोन कुणाचे, तेही सांगून टाकतो. घरांच्या दलालाचे. तिकडं जुळे सोलापूर वस्तीत मी एक फ्लॅट बघून ठेवलाय. दोन खोल्या, चौथा मजला, पलीकडं कुणी नाही. बायको रोज विचारते, "भावजींना बोललात का?" मी म्हणतो, बोलतो. पन्नाशीच्या घरात आलेला मी, साऱ्या गावाला टोमणे मारतो, आणि धाकट्याला एवढं एक वाक्य सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात दुकानदार जाळी घेऊन आला. "एकच राहील. कुठला काढू?" मला वाटलं, आता धाकटा अडून बसेल, आवाज चढेल, आणि त्या आवाजात मला माझं वाक्य टाकून देता येईल. धाकट्यानं काचेला नाक लावून पाहिलं. "माझा लई मारतोय ओ त्याला. माझाच काढा. अण्णाचा राहू दे." दुकानदारानं त्याचा निळा पिशवीत घालून नेला. आता धाकटा रोज संध्याकाळी खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसतो आणि माझ्या माशाचं कौतुक करतो. अशा माणसाला सोडून कसं जायचं, हे तुम्ही आम्हा दोघांपैकी कुणालाच शिकवलं नाहीत.

हा कागद ठेवायलाही घरात जागा नाही, फाडावाच लागेल. त्याआधी एवढं सांगतो. निळे दोन ठेवले तर एक मरणार, हे दुकानदारानं मला आधीच, एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी गप्प राहिलो. मला टाकीत एक मेलेला मासा हवा होता, अप्पा, म्हणजे माझं ते वाक्य धाकट्याला आपोआप कळलं असतं. दोघांतला कुठला मरावा, तेवढं मात्र मी ठरवलं नव्हतं.